पूल की पक्षी? एक सदोष प्रश्न

21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान उजनी जलाशयात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. येथे पूल हवा, ही मागणी कुणालाही पटावी. याच जलाशयाच्या उथळ, गाळाच्या काठावर रोहित पक्षीही उतरतात. तेव्हा वर्गात ‘पूल हवा की पक्षी?’ असा वादविवाद रंगवण्याचा मोह होतो.

विज्ञानाच्या दृष्टीने हा विषयच सदोष आहे. भीमेचे पाणी इतके रुंद पसरले ते 1980 मध्ये पूर्ण झालेल्या धरणामुळे. होडीचा लांब प्रवास आणि पक्ष्यांचा उथळ काठ, दोन्ही त्याचेच परिणाम.

शिवाय सगळे पूल सारखे नसतात. किती लांबी खांबांवर आणि किती मातीच्या भरावावर, हे महत्त्वाचे. भरावाने वाट अरुंद झाली, की तेवढेच पाणी अधिक वेगाने जाते, खांबांच्या पायथ्याची माती खरवडते. भरावाच्या आडोशाला मात्र गाळ साचतो. मुंबईत 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर शिवडीच्या बाजूला ध्वनिरोधक बसवले गेले, तेही पक्ष्यांच्या विचारानेच.

परातीत वाळू पसरून, दोन विटांच्या फटीतून पाणी सोडून पाहा. फट कमी-जास्त केली, की वाळूच उत्तर देते. मग मुलांना विचारावे: पूल कुठे, कसा आणि कोणत्या महिन्यांत बांधावा?