उपेक्षित बँड आणि आपली रसिकता

'बँड' हा शब्द उच्चारला की आपल्याकडील गृहस्थांच्या डोळ्यांपुढे वरातीच्या अग्रभागी चालणारे जरीच्या गणवेशातील वाजंत्री उभे राहतात. याहून निराळ्या जातीचे बँड गेली पन्नास-साठ वर्षे मुंबईत व तिच्या आसपास वाजत आहेत, याची दखल मात्र आपण क्वचितच घेतली. चार-पाच तरुण, दोन गिटारी, एक बेस गिटार, ड्रमचा संच आणि स्वतः रचलेली गाणी, एवढाच त्यांचा संसार. या संगीतास रॉक म्हणतात. आणि त्यातील जी शाखा बाजाराची मर्जी न सांभाळता आपल्या मनाजोगे गाते तिला 'अल्टरनेटिव्ह', म्हणजे पर्यायी, असे विशेषण लावतात. ख्यालावर, नाट्यपदांवर, भावगीतांवर आपल्या मासिकांतून विपुल लेखन झाले. या संगीताविषयी आपली टीका जवळजवळ मुकी आहे. त्यातील वाईटास वाईट म्हणण्याचेही कष्ट फारसे कोणी घेतलेले नाहीत. उपेक्षेचा हाच सर्वांत कठोर प्रकार होय, असे आम्हांस वाटते.

ही उपेक्षा रसिकतेच्या अभावी होते, असे म्हणण्यास जागा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली व पुढच्याच वर्षी ती कल्याणास गेली. परंतु या गावांनी केवळ गाडीची वाट पाहण्यात आयुष्य घालविले नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचा गायन समाज १९२६ चा. ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ साली उभे राहिले. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर दिवाळीच्या पहाटे लोटणारी तरुणांची गर्दी तर सर्वश्रुत आहे. ज्या गावांनी ग्रंथांस, रागांस आणि नाटकांस घर दिले, त्याच गावांत स्वतःचे गाणे रचणाऱ्या बँडला मिळतो तो बारमधील एक कोपरा.

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूस असलेल्या अशाच एका लहान बारमध्ये गेल्या पावसाळ्यात आम्ही एक बँड ऐकला. त्याचे नाव येथे देत नाही. कारण आमचे म्हणणे एका बँडपुरते नाही. श्रोते मोजून एकवीस, त्यांतील सात-आठ वादकांचेच मित्र. भिंतीवरील दूरदर्शन संचावर आवाज बंद करून क्रिकेटचा सामना चालू होता, आणि बँडकडे पाठ करून बसलेल्यांची नजर त्याकडे होती. मालकाच्या इच्छेखातर प्रथम दोन परिचित हिंदी गाणी झाली. त्यांस टाळ्या पडल्या. मग पोरांनी आपली स्वतःची सात गाणी वाजविली, आणि टाळ्या विरळ होत गेल्या.

वादनाचे गुणदोष स्पष्टच सांगावयास हवेत. ड्रम वाजविणारा तरुण संयमी होता. जेथे हात आवरावा तेथे तो आवरीत असे, आणि हा गुण या वाद्यात दुर्मिळ आहे. एका गाण्यात गिटारीवर तीनच स्वरांची ओळ पुन्हा पुन्हा येत होती. बेस गिटार मात्र दर फेरीस खाली नवा स्वर धरी, आणि त्यामुळे तीच ओळ कधी उदास तर कधी हट्टी भासे. एवढ्या थोड्या सामग्रीतून एवढा भाव निर्माण करणे हे रचनेचे खरे कौशल्य होय. उलट, बहुतेक गाणी एकाच चढणीने वर जाऊन एकाच गोंगाटात संपत. शेवट कसा करावा हे त्यांस अजून साधलेले नाही. इंग्रजी गाण्यांतील उच्चार तर ध्वनिमुद्रिकांवरून उचललेले होते. कल्याणच्या फलाटावर उभा राहणारा मुलगा गाऊ लागताच सीॲटलचा होतो, तेव्हा त्याच्या दुःखाविषयीही शंका येऊ लागते.

परंतु शेवटून दुसरे गाणे मराठी होते आणि तेथे सर्व पालटले. रात्रीच्या गाडीने डोंबिवलीस परतणाऱ्या बापाविषयीचे ते गाणे. त्यात कीव नव्हती. डबा, पास, छत्री अशा वस्तूंची नुसती यादी होती. मराठी शब्दांच्या शेवटी येणारे दीर्घ स्वर गायकाने ठोक्याच्या पलीकडे ओढले, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडणारा रॉकचा आघात व मराठीची सैल चाल यांत एक चमत्कारिक ताण निर्माण झाला. गायकाचा कंठ गोड नव्हता. पण शाहिराचा तरी कोठे गोड असतो? डफाच्या ठोक्यावर अर्धे बोलणे व अर्धे गाणे, आणि मागे तुणतुण्याचा अखंड एकच सूर, ही आपली जुनीच रीत आहे. या तरुणांस ती ठाऊक होती की नाही न कळे. त्यांच्या हातून ती घडली खरी.

असल्या गाण्याचे पुढे काय होते, याचे उत्तर मुंबईचा इतिहास देतो. १९७२ साली 'लेड झेपेलिन' या जगप्रसिद्ध इंग्रज बँडचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नामक छोट्या जागेत वाजविले. ही आख्यायिका आजही रंगवून सांगितली जाते; परंतु एरवी तेथे रात्रीमागून रात्री वाजविणाऱ्या मुंबईकर वादकांची नावे किती जणांस सांगता येतील? त्याच दशकातील 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या मुंबईच्या बँडची ध्वनिमुद्रिका येथे विस्मरणात गेली, आणि कित्येक वर्षांनी अमेरिकेतील एका कंपनीने ती पुन्हा काढली. परक्यांनी हुडकून द्यावे आणि मग आपण कान टवकारावे, हा क्रम आपणांस भूषणावह नाही.

कोणी म्हणतील, बारमध्ये जागा मिळाली हे काय थोडे झाले? त्या मालकाचे ऋण आम्हीही मान्य करतो. इतरांनी दार लावले तेव्हा त्याने कोपरा दिला. परंतु बारचे गणित पेल्यांवर चालते. ज्या गाण्याने गिऱ्हाईक स्तब्ध होऊन ऐकू लागते ते त्याच्या दृष्टीने तोट्याचे. शिवाय महाराष्ट्राच्या कायद्याने बिअर पिण्यास २१ आणि तीव्र मद्यास २५ वर्षे पुरी व्हावी लागतात. मग सतरा-अठरा वर्षांच्या मुलास दाराशीच परत पाठविणे मालकास सोयीचे वाटल्यास नवल नाही. या संगीताचा खरा श्रोता तर तोच. आणि आईबापांनी मुलीसह तेथे जाऊन बसावे, ही अपेक्षाच व्यर्थ.

लिव्हरपूलच्या 'कॅव्हर्न' या तळघरात १९६१ ते १९६३ या काळात 'बीटल्स' अडीचशेहून अधिक वेळा वाजले. तेथे मद्य मिळत नसे, आणि दुपारच्या जेवणाच्या सुटीतही बैठका होत. कचेरीतील मुली व दुकानांतील पोरे तेथे येऊन ऐकत. मुंबईतही धोबीतलावाच्या रंगभवनाच्या उघड्या प्रेक्षागृहात 'इंडिपेंडन्स रॉक' हा १९८६ साली सुरू झालेला उत्सव वर्षानुवर्षे भरला व महाविद्यालयीन मुलांनी फुलला; पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमांनी तेथील ध्वनिवर्धक थांबले. कल्याणची दीपा उन्नीकृष्णन 'डी एमसी' या नावाने रॅप गाऊन नावारूपास आली, याचाही येथे विचार करावा. रॅपला शब्द व ताल पुरतात, त्याचा सराव गाडीच्या डब्यातही होऊ शकतो. बँडला मात्र ड्रम ठेवण्यास व आवाज कोंडण्यास खोली लागते. दोन खोल्यांच्या घरांच्या गावी ती कोठून यावी?

म्हणून आमची मागणी साधी आहे. ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील नाट्यगृहांनी व संस्थांनी महिन्यातून एखाद्या रविवारची दुपार या बँडांस द्यावी. तिकीट नाटकाप्रमाणे असावे, गाणी त्यांची स्वतःची असावीत. आपल्या वाचकांनी मुलांस घेऊन जावे आणि आवडले नाही तर का आवडले नाही हे घरी बोलावे. त्या तरुणांस आमच्या कौतुकाची गरज नाही. एकाच गोंगाटात संपणारी गाणी कोठे फसतात, हे त्यांस सांगणारा श्रोता हवा आहे. आणि तो त्यांस पेल्यांच्या किणकिणाटात भेटणार नाही.