जुना खेळ टिकतो का? ‘मॉरोविंड’, ‘स्कायरिम’ आणि शब्दप्रमाण

मागचं व्याख्यान शब्दप्रमाणावर होतं. ते संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, “सर, स्कायरिम खेळून झाल्यावर मॉरोविंड खेळवतच नाही. जुने गेम टिकत नाहीत का?” विषय सोडून प्रश्न विचारतोय असं त्याला वाटत होतं. खरं तर तो विषयाच्या अगदी आत होता. म्हणून आजचा तास त्याच्या प्रश्नासाठी.

ज्यांना या खेळांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘एल्डर स्क्रोल्स’ ही बेथेस्डा या अमेरिकी कंपनीची मालिका. तिसरा भाग ‘मॉरोविंड’ 2002 सालचा, चौथा ‘ऑब्लिव्हियन’ 2006चा आणि पाचवा ‘स्कायरिम’ 2011चा. तिन्हींत तुम्ही एक पात्र घडवता, त्याची कौशल्यं वाढवता आणि एका मोठ्या मुलखात मनाला येईल तिकडे भटकता. यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात.

मी हे उलट्या क्रमानं खेळलो. निवृत्तीनंतर नातवानं स्कायरिम लावून दिला, तो पुरा केला, मग मॉरोविंडकडे गेलो. 2002 साली मी पन्नाशीत होतो आणि उत्तरपत्रिका तपासत होतो; त्यामुळे ‘आमच्या वेळचा खेळ’ असा जिव्हाळा मला असण्याचं कारण नाही. (हशा) हे आधीच सांगितलेलं बरं, कारण जुन्याची बाजू घेणाऱ्या म्हाताऱ्यावर पहिला संशय तोच येतो.

आता, न टिकलेल्या गोष्टी आधी. मॉरोविंडमध्ये तुम्ही समोरच्या उंदरावर तलवार चालवता. पातं त्याच्या अंगातून गेलेलं डोळ्यांना दिसतं, आणि तरी वार लागत नाही. कारण आत फासे पडत असतात. तुमचं कौशल्य, चपळाई, दमसास यांचा हिशेब होतो आणि उत्तर येतं, हुकला. ही पद्धत 1974च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या टेबलावरच्या खेळांतून आलेली. तिथं ती शोभते, कारण तिथं तलवार कुणाला दिसतच नसते. मॉरोविंडनं मात्र खेळाडूला पात्राच्या डोळ्यांतून बघायला लावलं आणि नियम टेबलावरचेच ठेवले. प्रत्यक्ष एक सांगतं, नियम दुसरंच सांगतो. हा दोष 2002 सालीही दोषच होता.

पण म्हणून ‘फासे जुने झाले’ असं कुणी म्हणू नये. 2023चा ‘बाल्डर्स गेट 3’ घ्या. त्यात वार लागण्याची शक्यता टक्क्यांत आधी दाखवतात, संभाषणात तर फासा पडद्यावर गरगर फिरतो, आणि तो उलटा पडला तरी लोक आनंदानं खेळतात. म्हणजे गुन्हा फाशांचा नव्हता, चित्राशी त्यांचा मेळ नव्हता हा होता. जुन्या कृतीबद्दल बोलताना हा फरक करावा लागतो. एक दोष असा, की जो ती कृती स्वतःच्याच मापानं मोजली तरी दिसतो. दुसरा असा, की जो पुढच्या भागाची सवय लागल्यावरच ‘दोष’ म्हणून दिसायला लागतो. पहिल्या प्रकारात मॉरोविंडचं बरंच काही येतं. चाल मुंगीची. धावलात की दम जातो, दम गेला की वार आणखी हुकतात. नवखा माणूस पहिल्या गुहेपर्यंत धावत जातो आणि तिथं हवेत तलवार फिरवत मरतो. शिवाय क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी मागे लागतात, ते सुटता सुटत नाहीत. पुढच्या भागांत सांगितलंय की जिउब नावाच्या एका संतानं त्या सगळ्यांना प्रदेशातून हाकलून दिलं. उत्तरभागानं पूर्वभागावर केलेली इतकी नेमकी टीका मी साहित्यातसुद्धा फारशी पाहिलेली नाही. (हशा)

आता दुसरा प्रकार. माझ्या तरुण मित्राची खरी तक्रार होती: “कुठं जायचं तेच कळत नाही.” स्कायरिममध्ये कामगिरी मिळाली की वरच्या कंपासवर खूण येते, आणि पोचलात की त्या माणसाच्या डोक्यावर बाण तरंगतो. मॉरोविंडमध्ये बाण नाही. तिथं माणूस तोंडानं सांगतो आणि ते तुमच्या रोजनिशीत उतरतं. सुरुवातीचीच एक कामगिरी घ्या. बालमोरा गावातला हास्फॅट म्हणतो, ड्वेमर लोकांच्या पडक्या अवशेषांतून एक कोड्याची पेटी आणून दे. मग वाट सांगतो: गावातून असं बाहेर पडा, नदी ओलांडा, अमुक रस्ता धरा, जुना ड्वेमर पूल लागेल, पलीकडे दार दिसेल, ते उघडायला जवळची कळ फिरवा. पेटी एवढीशी, आतल्या एका फळीवर ठेवलेली. निम्मे लोक तिच्या समोरून निघून जातात.

आपण न्यायदर्शनातली चार प्रमाणं पाहिली होती: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. स्कायरिमचा बाण प्रत्यक्ष आहे. तो दिसतो, विषय संपला. तिथं सांगणारा माणूस कोण, त्याला किती माहिती आहे, तो खोटं बोलेल का, हे प्रश्न उरत नाहीत. त्याचं बोलणं न ऐकता बटण दाबून पुढे गेलात तरी पोचताच. मॉरोविंडमध्ये तुमच्याकडे फक्त शब्द असतो. आणि शब्द म्हटला की आप्त कोण हे ठरवणं आलं. काही ठिकाणी तर सांगितलेली दिशाच चुकीची निघते! खेळ करणाऱ्यांची ती नजरचूक असेल, पण परिणाम मोठा गमतीचा होतो. आपण थांबतो, वाक्य पुन्हा वाचतो, डोंगर कुठला, नदी कुठली हे ताडून बघतो. शब्दाला अनुमानाची जोड द्यावी लागते.

एवढंच असतं तर मी याला नुसती जुनी अडचण म्हटलं असतं. पण मॉरोविंडची कथा बघा कशाबद्दल आहे. नेरेवर नावाचा एक वीर फार पूर्वी मेला, तो पुन्हा जन्म घेईल असं भाकीत आहे, आणि तो तुम्हीच असाल असं काहींना वाटतं. नेरेवर कसा मेला? मंदिराचे धर्मगुरू सांगतात, लढाईतल्या जखमांनी. राखेच्या माळरानात राहणाऱ्या टोळ्या सांगतात, त्याच्या साथीदारांनीच त्याला मारलं, आणि तेच आज देव होऊन बसलेत. त्या देवांपैकी एकाचं नाव व्हिवेक (मराठी कानाला हे नाव भलतंच लागतं), तो स्वतःची वेगळी हकीकत सांगतो. खेळ शेवटपर्यंत निवाडा देत नाही. आणि तुम्ही? बादशहानं तुम्हाला तुरुंगातून सोडून इथं पाठवलं, कारण भाकितातल्या बाहेरच्या खुणा तुम्हाला लागू पडतात आणि साम्राज्याला त्याचा उपयोग आहे. पुढे एका गुहेत तुम्हाला आधीच्या उमेदवारांचे आत्मे भेटतात. त्यांनाही वाटलं होतं की आपणच ते.

म्हणजे कथा आप्तवचनाची, आणि खेळण्याची रीतही आप्तवचनाची. ज्या डोळ्यांनी तुम्ही हास्फॅटची वाट वाचता, त्याच डोळ्यांनी मंदिराचा इतिहास वाचता. बाण दिलात तर पहिली सवय जाते, आणि मग दुसरी कुठून येणार? स्कायरिममध्येही भाकीत आहे, पण तिथं सुरुवातीलाच एक ड्रॅगन मरतो, त्याचा आत्मा तुमच्या अंगात शिरताना सगळ्यांना दिसतो आणि पहारेकरी तुम्हाला ‘ड्रॅगनबॉर्न’ म्हणून ओळखतात. शंका घ्यायला जागाच नाही. ज्या खेळात सगळं बाणानं कळतं, त्यातलं भाकीतही बाणासारखंच असणार.

कुणी म्हणेल, मग स्कायरिममधला बाण बंद करा. मी करून पाहिलं. कामगिरी यादीत निष्क्रिय केली की खूण जाते, पण रोजनिशीत उरतं काय? अमुक वस्तू तमुक गुहेतून आणा, एवढंच. गुहा कुठं, वाट कशी, अवाक्षर नाही. बाण काढला की खाली भाषाच नाही. याला कारणही आहे. ऑब्लिव्हियनपासून प्रत्येक संवाद नटांकडून ध्वनिमुद्रित होऊ लागला. मग लांबलचक वाट सांगणारी वाक्यं कोण मुद्रित करणार, आणि नकाशा बदलला तर पुन्हा कोण बोलावणार?

नव्याची बाजूही आहे, आणि ती लहान नाही. दिवसभर राबून रात्री तासभर खेळणाऱ्याला बाण म्हणजे उपकार आहे. स्कायरिमचे डोंगर, त्यावरचा बर्फ, नुसतं चालत राहण्याचा आनंद, यांपुढे मॉरोविंडचं तपकिरी धुकं फिकं पडतं. माझ्या वयाच्या डोळ्यांना तर मॉरोविंडची बारीक अक्षरं सोसवत नाहीत. ‘ओपन-एमडब्ल्यू’ हा स्वयंसेवकांनी नव्यानं लिहिलेला सांगाडा वापरून मी ती मोठी करून घेतली, म्हणून निभावलं.

तेव्हा, मित्रा (बसलाय ना रे मागे?), तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. मॉरोविंडची लढाई टिकली नाही, ती टिकवायचा हट्टही धरू नकोस. पण ‘कुठं जायचं कळत नाही’ ही तक्रार मॉरोविंडची नव्हे, ती स्कायरिमनं तुला लावलेल्या सवयीची आहे. सुरुवातीला ज्या शस्त्रात कौशल्य जास्त तेच घे. लढाईआधी धावू नकोस, म्हणजे वार लागतील. शेजारी एक वही ठेव. आणि बालमोरात हास्फॅट वाट सांगेल तेव्हा बटण दाबून पुढे जाऊ नकोस.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊया.