अभंगातील भंग

पावसाळ्यात खडकवासल्याचे पाणी पाहावयास जाण्याची पुणेकरांस मोठी हौस. मुठेवरील हे धरण १८७९ साली पुरे झाले. पुढे १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी त्यास स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत, ओसरले की मिटत. त्यामुळे भिंत न वाढविताही अधिक पाणी साठविता आले. काव्यातील बंधन व आवेग यांविषयी जो वाद आपल्याकडे वारंवार उपस्थित होतो, त्याचा विचार करताना आम्हांस या दरवाजांचे स्मरण होते.

एक पक्ष म्हणतो, मात्रा न चुकणे व यमक न अडणे हीच पूर्णता. दुसरा म्हणतो, प्रतिभा गोंधळातूनच जन्मते. सबब बंधने झुगारावी. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहापुढे हे दोन्ही पक्ष लटके पडतात, असे आमचे मत आहे.

या संग्रहात यंत्रयुगातील गर्दी आहे, माणसाचे क्षुद्र जिणे आहे, श्रद्धेची पडझड आहे. आणि प्रतिमा अशा की एकीचा दुसरीशी मेळ बसू नये. त्यावर अश्लीलतेचा खटलाही झाला व कवी निर्दोष सुटले. परंतु यास निव्वळ अनागोंदी म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे की, हा सारा कोलाहल कवीने ओवी, अभंग, पादाकुलक अशा जुन्या साच्यांत बसविला आहे. अभंग म्हणजे जो भंगत नाही तो. आणि त्यातच भंगलेल्या जीवनाची कथा! संतांच्या श्रद्धेचा नाद कानी घुमत असतो, म्हणूनच तिचा अभाव अधिक झोंबतो. गद्यात हाच आक्रोश निम्मा बोथट झाला असता.

ही युक्ती आपल्या परंपरेस परकी नाही. ज्ञानेश्वरांच्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने जोडलेले, चौथा आखूड व यमकाविना मोकळा. काटेकोर दृष्टीस ते वैगुण्य दिसेल. कानास तो विसावा वाटतो. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवादाबरोबर विरोधासही लयीत स्थान दिले, ते याच जाणिवेने.

तथापि गोंधळाचा गौरव करणाऱ्यांस आम्ही १२ जुलै १९६१ ची आठवण देऊ. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही, आणि पुण्यातील नदीकाठची वस्ती वाहून गेली. अनिर्बंध आवेगाने तेथे काही निर्माण झाले नाही. हजारो संसार मात्र उघड्यावर पडले.

मर्ढेकरांसही हा तोल सर्वत्र साधला आहे असे नव्हे. कोठे कोठे प्रतिमांची दाटी एवढी होते की अर्थ गुदमरतो. त्यांच्या मागून आलेल्या कित्येकांनी ती दाटी तेवढी उचलली. ओवी-अभंगांचा अभ्यास उचलला नाही. नव्या कवींनी हा संग्रह पुन्हा वाचावा, आणि मोठ्याने वाचावा. ज्या कवितेत आवेग भिंतीवर आदळतो आणि भिंतही शाबूत राहते, तिलाच आम्ही पूर्ण म्हणू. मग तिचा एखादा चरण आखूड का असेना.