इंधननिर्मितीचे उत्प्रेरक आणि प्लाझ्मा-संस्कार : एक चिकित्सा

प्रस्तावना

कोळसा, नैसर्गिक वायू व जैवभार यांपासून द्रव इंधन मिळविण्याच्या प्रक्रियांचे यशापयश मुख्यत्वे उत्प्रेरकावर अवलंबून असते. जर्मनीतील म्यूलहाइम येथे फ्रान्झ फिशर व हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकात संश्लेषण वायूपासून, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांच्या मिश्रणापासून, हायड्रोकार्बने तयार करण्याची पद्धत विकसित केली. या पद्धतीत आज मुख्यतः लोह व कोबाल्ट यांचे उत्प्रेरक वापरले जातात. उत्प्रेरक तयार करताना प्लाझ्माचा वापर केल्यास ते अधिक कार्यक्षम होतात, असे प्रतिपादन एकविसाव्या शतकात वारंवार झाले. चीनमधील त्यांजिन विद्यापीठाचे ल्यू छांगजुन व सहकारी यांनी २००२ मध्ये ‘कॅटॅलिसिस टुडे’ या नियतकालिकात घेतलेला आढावा हा त्यातील महत्त्वाचा टप्पा होय. प्रस्तुत लेखात या प्रतिपादनाची चिकित्सा केली आहे.

पद्धतीचे स्वरूप

रूढ पद्धतीत ॲल्युमिना किंवा सिलिका यांसारख्या सच्छिद्र आधारकात धातूच्या क्षाराचे द्रावण मुरवितात, तो सुकवितात, भट्टीत भाजतात आणि अखेरीस हायड्रोजनच्या प्रवाहात त्याचे क्षपण करतात. भट्टीच्या उष्णतेने क्षाराचे विघटन होते. परंतु त्याच उष्णतेने कण एकमेकांत मिसळून मोठेही होतात. कमी दाबाखालील विद्युत् विसर्जनात मात्र इलेक्ट्रॉन अत्यंत ऊर्जावान असतात (१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुमारे ११,६०० केल्विन तापमानाशी समतुल्य असते), तर वायू जवळजवळ खोलीच्या तापमानाला राहतो. त्यामुळे क्षाराचे विघटन उष्णतेविना घडू शकते आणि कणांची वाढ रोखली जाते. विघटन आणि वाढ या दोन क्रियांची फारकत करणे, हेच या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य आहे.

निकेलच्या बाबतीत लाभ

मिथेन व कार्बन डायऑक्साइड यांपासून संश्लेषण वायू बनविताना निकेलवर कार्बनचे थर साचतात व उत्प्रेरक निष्क्रिय होतो. असा कार्बन साचण्यास निकेलचे मोठे कण अधिक अनुकूल असतात. म्हणून लहान व आधारकाला घट्ट धरून राहणाऱ्या कणांचा येथे उघड लाभ होतो. या क्षेत्रातील प्लाझ्माविषयक दावा तर्कसंगत आहे.

कोबाल्टच्या बाबतीत मर्यादा

हाच युक्तिवाद कोबाल्टला सरसकट लागू करता येत नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले की, कोबाल्टचे कण सुमारे ६ ते ८ नॅनोमीटरहून लहान झाल्यास त्यांच्या पृष्ठभागाची सक्रियता घटते आणि नको असलेल्या मिथेनचे प्रमाण वाढते. शिवाय कोबाल्ट ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण आधारकाशी घट्ट बांधले गेल्याने त्यांचे क्षपणही अवघड होते. म्हणजेच निकेलच्या बाबतीत जो गुण, तोच येथे दोष ठरू शकतो. ‘कण लहान झाले’ एवढे सिद्ध केल्याने ‘उत्प्रेरक सुधारला’ हे सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप तुलनेच्या निकषाविषयी आहे. उट्रेख्ट येथेच २००७ मध्ये नायट्रेट क्षार नायट्रिक ऑक्साइडच्या सान्निध्यात तापवून निकेल व कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांचे लहान, समविखुरलेले कण मिळविण्यात आले. भट्टीची पद्धत सुधारूनही असे फळ मिळत असेल, तर प्लाझ्मा-संस्कारित नमुन्याची तुलना केवळ सामान्य रीतीने भाजलेल्या नमुन्याशी करणे अपुरे होय.

ऊर्जेचा हिशेब

ही पद्धत ऊर्जेची बचत करते, असेही म्हटले जाते. परंतु निर्वात पंप, विद्युत् पुरवठा व त्यानंतरही बहुधा आवश्यक राहणारे हायड्रोजन-क्षपण यांचा खर्च जमेस धरल्याविना हा दावा पूर्ण होत नाही. प्रयोगशाळेत काही ग्रॅम चूर्ण पातळ थरात पसरता येते. कारखान्यातील टनावारी मालाच्या प्रत्येक कणापर्यंत विसर्जन समप्रमाणात पोहोचविणे हा वेगळाच प्रश्न आहे.

समारोप

प्लाझ्मा-संस्कार हे कणांच्या आकारावर नियंत्रण ठेवण्याचे समर्थ साधन आहे. तो सर्व उत्प्रेरकांवरील एकच उपाय मात्र नव्हे. कोणत्या अभिक्रियेस कोणता आकार इष्ट आहे, हे आधी ठरवावे लागते. तो आकार अन्य मार्गाने स्वस्तात मिळतो काय आणि दीर्घकालीन वापरात टिकतो काय, या दोन प्रश्नांची उत्तरे देणारे संशोधनच या क्षेत्रात प्रमाण मानणे उचित ठरेल.