निवडक म्हणजे पुरे का?

वाशिमच्या बाजारात एकेकाळी निवडक कव्वाल्यांच्या कॅसेटी सहज मिळत. अशा निवडीने कव्वालीचे फारसे बिघडत नसे. प्रत्येक कव्वाली आपल्यापुरती पुरी असते. इलेक्ट्रॉनिक संगीताला हाच न्याय लागू पडतो का?

मुंबईचे चरणजित सिंग यांचे उदाहरण घेऊ. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा कलावंत. त्यांनी चित्रपटगीतांच्या धुनाही वाजवल्या. त्यांतल्या दहा-बारा खुशाल निवडाव्यात. पण १९८२ साली एचएमव्हीने काढलेली त्यांची दहा रागांची तबकडी वेगळी आहे. रोलंड कंपनीच्या यंत्रांवर डिस्कोचा ठेका धरलेला आणि त्यावर भैरव, तोडी, यमन, मालकंस येत जातात. ठेका जवळपास तोच राहतो, म्हणूनच रागारागांतला फरक कानाला कळतो.

२०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा ‘अ‍ॅसिड हाउस’ या पाश्चात्त्य नृत्यसंगीताची पूर्वज म्हणून तिचा बोलबाला झाला. एकटा भैरव उचलला, तर एवढे नवलच उरते. दहा रागांचा विचार हरवतो.

जर्मनीच्या क्राफ्टवेर्कने १९९१ साली निवडक संच काढताना जुन्या रचना नव्याने घडवल्या. चरणजित सिंग २०१५ साली गेले. त्यांच्यापुरती ती वाट बंद झाली. तेव्हा ही तबकडी सबंध ऐकावी, हाच इन्साफ.