छायाचित्रांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेंत पुण्यकृत्याचा वाचक आहे; परंतु त्या नांवाखालीं किती सुंदर वस्तूंचा नाश झाला आहे, हें ज्यानें आपल्याकडील जुनीं देवळें डोळे उघडे ठेवून पाहिलीं असतील त्यास सांगावयास नको. ज्या काळ्या दगडावर शिल्पकाराच्या छिन्नीची प्रत्येक खूण शाबूत होती, त्यावर भाविकांनीं तेलरंगाचे हात चढविले, आणि देऊळ नवें झालें या समाधानानें ते घरीं गेले. त्यांच्या भक्तीविषयीं शंका नाहीं. शंका आहे ती एवढीच कीं, त्यांनीं उद्धार केला तो देवळाचा, कीं स्वतःच्या आवडीचा? हाच प्रश्न आज एका निराळ्या, पण घरोघरच्या वस्तूविषयीं विचारण्याची वेळ आली आहे. ती वस्तु म्हणजे वाडवडिलांचीं जुनीं, फाटकीं, डागाळलेलीं छायाचित्रें. आणि त्यांच्या जीर्णोद्धाराचें साधन म्हणजे संगणकावरील चित्रसंपादनाचें सॉफ्टवेअर.

प्रथम या साधनाचे उपकार मोकळ्या मनानें मान्य केले पाहिजेत. छायाचित्र ही दिसते त्यापेक्षां फार नाजूक वस्तु आहे. एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळशीं चित्रें अंड्यांतील पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या कागदावर छापलेलीं असत. तो थर काळेंकरून पिवळा पडतो. पुढें जिलेटिनच्या थरांत चांदीचे सूक्ष्म कण धरून ठेवणारे कागद आले. त्या चांदीस दमट व दूषित हवेची बाधा होऊन चित्राच्या गडद भागांवर आरशासारखी झळक येते. पावसाळ्यांत हा थर फ्रेमच्या कांचेस चिकटतो, आणि सोडवावयास जावें तों चेहराच कांचेबरोबर सुटून येतो. कसर आणि बुरशी यांस तर जिलेटिन म्हणजे मेजवानीच. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांतील रंगीत फोटोंची तऱ्हा याहून वाईट. त्यांतील निळसर रंगद्रव्य पेटींतल्या अंधारांतसुद्धां विरत जातें. म्हणून त्या काळचीं कित्येक लग्नाचीं चित्रें आज तांबूस धुक्यांत बुडाल्यासारखीं दिसतात. अशा चित्रांवर इलाज करणें पूर्वीं मोजक्याच कुशल हातांना साधे. १९९० सालीं थॉमस व जॉन नोल या बंधूंनीं रचलेलें फोटोशॉप अडोबी कंपनीनें बाजारांत आणलें; १९९४ त थरावर थर ठेवून काम करण्याची सोय त्यांत आली; आणि २००२ त डागाभोंवतालचा पोत पाहून डाग बुजविणारा ब्रश आला. जें काम तज्ज्ञाच्या अंधारखोलींत होत असे, तें या साधनानें घरच्या मेजावर आणून ठेवलें. हा उपकार लहान नव्हे.

परंतु साधनाचें कौतुक म्हणजे त्यानें केलेल्या प्रत्येक कामाचें कौतुक नव्हे. या एकाच साधनानें तीन अगदीं भिन्न जातींचीं कामें होतात, आणि तिहींस ‘फोटो नीट करणें’ हें एकच नांव पडल्यामुळें सारा घोटाळा झाला आहे.

पहिलें काम प्रगट करण्याचें. पिवळ्या डागांनीं भरलेलें कृष्णधवल चित्र रंगीत म्हणून स्कॅन केलें, तर त्याचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग वेगवेगळे पाहतां येतात. पिवळा डाग निळा प्रकाश गिळतो, म्हणून निळ्या भागांत तो काळसर उठून दिसतो. तांबड्या भागांत मात्र तो जवळजवळ नाहींसा होतो. केवळ तो तांबडा भाग निवडला कीं, डागाखालीं झांकलेला पदर आणि पदराखालचा हात डोळ्यांपुढें येतो. येथें कोणीं बाहेरून कांहीं घातलें नाहीं. जें होतें तेंच दिसूं लागलें. फिकट पडलेल्या छटा पुन्हां गडद करणें, तांबूस झालेल्या फोटोंतील रंगांचा तोल सावरणें, हीं याच जातीचीं कामें होत.

दुसरें काम सांधण्याचें. मागील पडद्यावरून गेलेली घडी, धोतराच्या निऱ्यांवरचा ओरखडा, कोटाच्या बाहीवरचें छिद्र, येथें वस्तु नष्ट झाली असली तरी तिचा शेजार शिल्लक असतो. बर्तालमिओ प्रभृति संशोधकांनीं २००० सालीं ही रीत गणितांत मांडली, तेव्हां तिचें नांव व तिची कल्पना हीं दोन्हीं त्यांनीं जुन्या चित्रांची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांकडूनच उचललीं: भोंवतालच्या रेषा जेथें तुटल्या असतील तेथून त्या आंत वाढवीत न्यावयाच्या. हा तर्क खरा. पण शेजारच्या साक्षीवर उभा असलेला तर्क आहे.

तिसरें काम रचण्याचें. चेहऱ्याचा डावा डोळा कसरीनें खाल्ला आहे, किंवा समुदायाच्या फोटोंत मागल्या रांगेंतील मुलीचें तोंड म्हणजे चार करडे ठिपके आहेत. अशा ठिकाणीं आजचीं नवीं यंत्रें असंख्य परक्या चेहऱ्यांवरून जें शिकलीं, त्याच्या आधारें एक संभाव्य डोळा, एक संभाव्य तोंड तेथें बसवितात. तो डोळा तेजस्वी असतो, रेखीव असतो, आणि कोणाचाच नसतो.

हा भेद समजण्यासाठीं मराठी वाचकास फार दूर जावयास नको. शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या प्रती ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला, आणि यापुढें कोणीं त्यांत आपली ओवी घालूं नये असा सक्त इशारा देऊन ठेवला. एकनाथांना ओवी रचतां येत नव्हती असें कोण म्हणेल? रचतां येत असूनही ती तेथें रचावयाची नाहीं, हें ज्याला कळलें तोच खरा शोधक. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली आणि १९६६ त पुरी झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति याच तत्त्वावर उभी आहे. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं ठरविलेल्या पद्धतींत जो पाठ निःसंशय नाहीं त्याच्या खालीं नागमोडी रेघ असते, आणि टाकलेले पाठ तळटीपांत जपलेले असतात. संपादकानें कोठें हात घातला हें वाचकाला पाहतां यावें, आणि पटलें नाहीं तर त्याला माघारें जातां यावें, ही त्या पद्धतीची नीति आहे. छायाचित्र हीही एक जीर्ण पोथीच आहे. प्रगट करणें म्हणजे पोथीवरची धूळ झाडणें. सांधणें म्हणजे तुटलेलें अक्षर त्याच्या उरलेल्या फांट्यावरून ओळखणें. आणि रचणें म्हणजे प्रक्षेप. प्रक्षेप सुंदर असला म्हणून मूळ होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, एवढ्या तेवढ्या डोळ्यानें काय बिघडलें? अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत तयार झालेल्या ‘पल्स’ नांवाच्या प्रणालीस २०२० सालीं बराक ओबामा यांचें अगदीं अस्पष्ट, ठिपक्याठिपक्यांचें चित्र देण्यांत आलें. तिनें त्यांतून स्वच्छ व सुरेख चेहरा काढून दिला. पण तो एका गोऱ्या इसमाचा होता! ओबामांना सारें जग ओळखतें म्हणून ती चूक तत्काळ सांपडली. आपल्या पणजीला ओळखणारें आज कोण आहे? जिचें उभ्या आयुष्यांत एकच छायाचित्र निघालें, तिच्या चेहऱ्याचा तो एकच साक्षीदार; आणि एकुलत्या एक साक्षीदाराला पढविल्यावर त्याचें खोटें पकडणार तरी कसें? कंबोडियांतील तुओल स्लेंगच्या तुरुंगांत १९७५ ते १९७९ या काळांत हजारों निरपराध माणसें डांबून ठेवण्यांत आलीं, आणि त्यांतील बहुतेकांना ठार करण्यांत आलें. तुरुंगांत घेतलेलीं त्यांचीं छायाचित्रें २०२१ च्या एप्रिलमध्यें एका परदेशी संकेतस्थळावर रंगवून प्रसिद्ध झालीं, आणि कांहीं चेहऱ्यांवर मुळांत नसलेलें स्मितही घालण्यांत आल्याचें उघडकीस आलें. कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयानें निषेध केला, आणि तीं चित्रें मागें घ्यावीं लागलीं. मरणाच्या दारांत उभ्या असलेल्या माणसाची भीति पुसून तेथें हसें ठेवणें याला सुशोभन म्हणत नाहींत. ती त्याच्या साक्षीची चोरी आहे.

आपल्या घरांत असें भीषण कांहीं घडत नसेल. पण त्याच जातीचें लहान कांहीं रोज घडण्याजोगें आहे. जुन्या काळच्या कांचा व फिल्मा तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळें कपाळावरचें लालभडक कुंकू फोटोंत काळें उमटे. यंत्राच्या दृष्टीनें काळा ठिपका तो डागच. चेहऱ्यावरचे देवीचे वण, हनुवटीवरचें गोंदण, उन्हानें व कष्टानें पडलेल्या सुरकुत्या, हें सारें ‘खराबी’ समजून गुळगुळीत करून टाकण्याकडे या यंत्रांचा ओढा असतो. आज देवीचा रोग जगांतून नाहींसा झाला आहे. तो किती घरांत शिरून गेला होता याचा पुरावा ज्या चेहऱ्यांवर उरला आहे, ते चेहरे तरी आपण पुसूं नयेत. रंग भरण्याचीही तीच गोष्ट. करड्या छटेवरून लुगडें हिरवें होतें कीं जांभळें, हें यंत्राला कळत नाहीं. तें फक्त बहुमताचा रंग देतें. मग नात म्हणते, “पणजीला हिरवा रंग फार आवडे,” आणि एका अंदाजाची कुटुंबकथा होऊन बसते.

येथें एक आक्षेप विचारांत घेण्यासारखा आहे. जुने छायाचित्रकार तरी कोठें सत्यवादी होते? मुंबईस १८५४ सालींच छायाचित्रकारांची संस्था निघाली होती, आणि पुढें शहरोशहरीं स्टुडिओ झाले. तेथें रंगविलेल्या पडद्यावर विलायती खांब आणि जिने असत. निगेटिव्हच्या कांचेवर बारीक पेन्सिल चालवून गालावरच्या रेषा सौम्य करीत. छापलेल्या चित्रावर हातानें रंगही देत. मग संगणकानें तेंच केलें तर राग कां? उत्तर असें कीं, ती हौस त्या माणसांची स्वतःची होती. त्या खोट्या खांबाशीं उभें राहून आपण कसें दिसावें हें त्यांनीं स्वतः ठरविलें, आणि तें ठरविणें हाही त्या चित्राचा खरा मजकूर आहे. ग्रंथकारानें स्वतः केलेली अतिशयोक्ति आणि दोनशें वर्षांनीं दुसऱ्यानें घुसडलेला श्लोक यांत जो भेद, तोच येथें. म्हणूनच ज्या पुठ्ठ्यावर फोटो चिकटविलेला असतो, त्यावरील स्टुडिओचें नांव आणि नक्षी हीं कापून टाकणारा दुरुस्तीकार मुखपृष्ठ फाडून पोथी बांधणाराच म्हटला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे, आणि त्याला तर्कानें झिडकारणें बरें नव्हे. ज्या बाईनें आपली आई लहानपणींच गमावली, जिच्याजवळ आईचा म्हणून एक पुसट फोटो आहे, तिला यंत्रानें एक उजळ चेहरा दिला आणि तो पाहून तिचे डोळे भरून आले, तर तिला प्रक्षेपाचें शास्त्र कोणत्या तोंडानें सांगावें? सांगूं नये. तिनें तें चित्र खुशाल भिंतीवर लावावें. एखाद्या चित्रकाराकडून वर्णनावरून आईचें चित्र काढवून घेतलें असतें तर त्याला कोणीं नांवें ठेवलीं नसतीं. पण त्या चित्राला आपण चित्र म्हटलें असतें, फोटो म्हटलें नसतें. सांत्वन आणि पुरावा या दोन्ही वस्तूंना घरांत जागा आहे. मात्र एकीच्या जागीं दुसरी बसवूं नये.

या दृष्टीनें चांगल्या दुरुस्तीची कसोटी ठरवितां येते. इटलींत चेझारे ब्रांदी यांच्या मार्गदर्शनाखालीं रोमच्या जीर्णोद्धार संस्थेंत विसाव्या शतकाच्या मध्याला एक रीत रुळली: भित्तिचित्राचा गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनीं भरावयाचा. दुरून पाहणाऱ्यास चित्र अखंड दिसतें; जवळ जाणाऱ्यास कोणता भाग नवा हें स्वच्छ कळतें. संगणकावर याहून सोपी सोय आहे. मूळ चित्र कमींत कमी ६०० डीपीआयनें स्कॅन करून टिफ स्वरूपांत ठेवावें व त्यास पुन्हां हात लावूं नये; प्रत्येक दुरुस्ती निराळ्या थरावर करावी, म्हणजे ती झांकून मूळ केव्हांही पाहतां येईल; आणि जेथें सांधण्यापुरताही शेजार उरला नाहीं तेथें भोंवतालच्या छटेचा साधा करडा तुकडा राहूं द्यावा. दोन्ही प्रती एकत्र ठेवाव्या, आणि दुरुस्त प्रतीवर ती दुरुस्त असल्याचें व काय भरलें आहे तें लिहून ठेवावें. जो दुरुस्तीकार ‘पूर्वीचा’ आणि ‘नंतरचा’ असे दोन फोटो शेजारीं लावून केवळ चमत्कार दाखवितो, त्याच्यापेक्षां ‘हें मला भरतां आलें नाहीं’ असें सांगणारा अधिक मोठा कारागीर समजावा.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या फोटोंतील सर्वांत मोठी हानि डागांची नसते, नांवांची असते. पेटींतून निघालेल्या चित्रांत बारा माणसें ओळीनें उभीं असतात, आणि त्यांतील नऊ कोण हें घरांत कोणालाच सांगतां येत नाहीं. ती पोकळी कोणतेंही सॉफ्टवेअर भरूं शकणार नाहीं. परंतु घरांत एखादी वृद्ध आत्या किंवा मावशी असेल, तर तिच्यापुढें तो फोटो आज ठेवावा, ती बोट ठेवून सांगेल तीं नांवें लिहून घ्यावीं, आणि फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें उतरवावीं. जीर्णोद्धाराचें हें पहिलें काम आहे, त्याला खर्च नाहीं, आणि तें मात्र उद्यांवर टाकण्यासारखें नाहीं.