विलास सारंग यांची ‘भाषांतरित’ मराठी

विलास सारंग (१९४२–२०१५) यांच्या गद्याविषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो. त्यांची मराठी इंग्रजीतून उतरवल्यासारखी वाटते, असा तो आक्षेप आहे. वाक्ये आखूड, बोलीचा गंध नाही, म्हणी-वाक्प्रचारांचा वापर जवळजवळ नाही. हे निरीक्षण बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की ते नोंदवून समीक्षेचे काम संपते काय? आपल्याकडे बहुधा ते तेथेच संपवले गेले.

सारंगांचा जन्म कारवारचा, म्हणजे मराठी, कोकणी आणि कन्नड यांच्या सीमेवरचा. मुंबई विद्यापीठाची इंग्रजीतील डॉक्टरेट घेतल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात तौलनिक साहित्याचा अभ्यास करून दुसरी डॉक्टरेट मिळवली. १९७४ ते १९७९ या काळात ते इराकमध्ये बसरा येथे अध्यापन करीत होते. पुढे मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख झाले. ‘सोलेदाद’ हा मराठी कथासंग्रह १९७५ चा, ‘अ काइंड ऑफ सायलेन्स’ हा इंग्रजी कवितासंग्रह १९७८ चा आणि ‘एन्कीच्या राज्यात’ ही मराठी कादंबरी १९८३ ची. या कादंबरीला पुढे ‘इन द लँड ऑफ एन्की’ हे इंग्रजी रूप मिळाले. कवी आणि कादंबरीकार या दोन्ही नात्यांनी हा लेखक दोन भाषांत एकाच वेळी वावरत होता. त्यामुळे त्याची मूळ भाषा कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १९९४ साली त्यांनी आपल्या लेखनाविषयी जे निवेदन केले, त्याचे शीर्षक ‘कन्फेशन्स ऑफ अ मराठी रायटर’ असे होते. मराठी लेखक असल्याचा हा कबुलीजबाब इंग्रजीत दिलेला आहे, यातला विरोधाभास त्यांच्या लक्षात आला नसेल असे मानण्याचे कारण नाही.

‘एन्कीच्या राज्यात’ या कादंबरीचा विचार केला तर वरील आक्षेपाचे स्वरूपच पालटते. बाथ पक्षाच्या राजवटीतील इराकमध्ये शिकवायला गेलेला एक मराठी माणूस तिच्या केंद्रस्थानी आहे. एन्की ही प्राचीन सुमेरची जलदेवता. पुराणाची ती प्राचीनता आणि पाळत ठेवणारी आधुनिक सत्ता, या दोहोंमध्ये हा अध्यापक सापडलेला आहे. भोवतालची भाषा त्याची नाही, आणि जी त्याची आहे ती बोलायला भोवती कोणी नाही. अशा माणसाच्या अनुभवाला रसरशीत, घरगुती मराठी देणे म्हणजे त्याला नसलेले घर देणे होय. येथे भाषेचे कोरडेपण हाच आशय आहे. भाषा अंगणातली नसल्यामुळेच तो तिच्यात प्रत्येक शब्द तोलून ठेवतो. या सावधपणात मला सारंगांमधला कवी दिसतो.

त्यांच्या समीक्षाग्रंथाचे नाव ‘सिसिफस आणि बेलाक्वा’ असे आहे. निष्फळ श्रम करीत राहणारा सिसिफस आपल्याला काम्यूमुळे परिचित आहे. बेलाक्वा हा दान्तेच्या काव्यातला आळशी. बेकेटने त्याला आपल्या आरंभीच्या कथांत आणले. सारंगांची पात्रे या दुसऱ्याच्या कुळातली आहेत. ती बसून राहतात, पाहतात आणि जे घडते त्याचा अहवाल देतात. बेकेटही परक्या भाषेत लिहून स्वतःचेच भाषांतर करीत असे. त्याच्या फ्रेंचला आपण ‘अनुवादित’ म्हणून बाजूला सारत नाही. मग मराठी लेखकाला ही मोकळीक का नसावी?

याचे एक उत्तर काळात आहे. सारंगांची कादंबरी आली त्याच दशकात भालचंद्र नेमाडे यांची देशीयतेची भूमिका मराठी चर्चेच्या मध्यभागी आली. त्या भूमिकेने मराठीला पुष्कळ दिले, विशेषतः मराठवाड्यातल्या आम्हा मंडळींना. परंतु तिच्या आधाराने देशी काय आणि उपरे काय याची जी झटपट वाटणी रूढ झाली, तिच्यात सारंगांना जागा उरली नाही. तेरखेड्याच्या परिसरात घरी ‘काय करायलास’ म्हणणारा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत ‘काय करतो आहेस’ असे लिहितो, तेव्हा तोही एका अर्थी भाषांतरच करीत असतो. प्रमाण मराठी त्याच्यासाठी शिकून घेतलेली भाषा आहे. सारंगांच्या गद्यातील अवघडलेपण त्याला परके वाटण्याचे कारण नाही. उलट पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा ते त्याला अधिक ओळखीचे वाटावे.

अर्थात सारंगांचे सर्वच लेखन या युक्तिवादाने तरत नाही. चाको नावाच्या माणसाच्या मुलाखतीची कथा घ्या. तीत एका बेटावरच्या स्त्रिया केवळ अर्ध्या देहाच्या आहेत. कोणी कमरेच्या वरची, कोणी खालची. निवेदनाचा थंड, नोंदवहीसारखा स्वर त्या अद्भुताला विलक्षण विश्वसनीय करतो. पण ती अर्धी स्त्री बोलू लागली तर काय म्हणेल, हे कुतूहल लेखकाला फारसे नाही. पुरुषी वासनेचे हे विडंबन आहे, असे म्हणता येते. तरीही विडंबन करणारा ज्याचे विडंबन करतो त्याच्या फार जवळ उभा आहे, असे वाटत राहते. दुसरी मर्यादा कादंबरीच्या रूपाची आहे. कादंबरीला माणसांची दाटी लागते, आणि सारंगांची प्रतिभा एकेकट्या माणसाची आहे. म्हणून कथेत जे वाक्य धारदार ठरते, तेच कादंबरीच्या लांबीत काही ठिकाणी नुसते सपाट होते. हा दोष मात्र रचनेचा मानावा लागेल. त्याचे खापर इंग्रजीवर फोडता येणार नाही.